तळ्यातली प्रत्येक वनस्पती तण नसते

पिंपळे सौदागरजवळून वाहणाऱ्या पवना नदीवर उन्हाळ्यात जलपर्णीचा हिरवा थर पसरतो. तो पाहत वाढलेल्या मुलांना पाण्यात उगवणारी वनस्पती म्हणजे घाण असे वाटले, तर नवल नाही. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतील. सांडपाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरस यांवर ती भराभर वाढते आणि खालच्या पाण्याचा प्रकाश अडवते. पण यावरून तळ्यात वनस्पतीच नकोत, असे ठरवणे चुकीचे आहे. का, ते पूर्व विदर्भातील ढिवरांनी दाखवून दिले आहे.

भंडारा व गोंदिया जिल्ह्यांत कोहळी समाजाने गोंड राजवटीत बांधलेले शेकडो तलाव आहेत. 1951 मध्ये मालगुजारी संपली आणि ते सरकारकडे गेले. पुढे ढिवरांच्या मच्छीमार संस्था त्यांत रोहू, कटला व मृगळ यांचे बीज सोडू लागल्या. हे मासे पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी घालतात. साचलेल्या तळ्यात त्यांची वीण होत नाही. म्हणून बीज दरवर्षी विकत आणावे लागते. मरळ, शिंगी यांसारखे स्थानिक मासे मात्र तळ्यातच वाढतात. मरळ पाणवनस्पतींच्या आडोशाला घरटे करते आणि पिलांची राखणही करते. काठावर बेशरम माजली, पाण्यातल्या वनस्पती गेल्या, तसे हे मासेही कमी झाले. त्याबरोबर ढिवरांचे पोटही रिकामे होऊ लागले.

अर्जुनी मोरगाव परिसरात पतिराम तुमसरे यांच्यासारखे जाणते ढिवर आणि मनीष राजनकर यांची ‘फीड’ ही संस्था यांनी मिळून उपाय शोधला. कोणता मासा कोणत्या वनस्पतीजवळ राहतो, हे ढिवरांना ठाऊकच होते. त्यांनी बेशरम मुळासकट उपटली, कारण तिच्या तुटक्या फांदीलाही मुळे फुटतात. उन्हाळ्यात उघडी पडलेली, घट्ट झालेली जमीन नांगरली. पावसानंतर हायड्रिलासारख्या स्थानिक वनस्पती लावल्या. या कामात ढिवर स्त्रियाही पुढे आल्या.

असे केल्याने काय साधते? बुडालेल्या वनस्पती दिवसा पाण्यात ऑक्सिजन सोडतात. त्यांच्या पानांवर शेवाळ वाढते, शेवाळावर कीटक व गोगलगायी जगतात आणि त्यांवर मासे. तरंगत्या पानांवर कमळपक्षी अंडी घालतो. नुसता गाळ उपसून तळे खोल केले, तर पाणी वाढेल. पण उथळ काठच नाहीसा झाला, तर ही साखळी कोठे रुजणार?

वर्गासाठी एक उपक्रम सुचवतो. जवळच्या तळ्याच्या काठावर मोठ्यांच्या सोबतीने जा. पाण्याबाहेर डोके काढणाऱ्या, पान तरंगवणाऱ्या आणि पूर्ण बुडालेल्या अशा तीन गटांत वनस्पतींची नोंद करा. यांतला एखादा गट दिसलाच नाही, तर कारण शोधा. आणि तेथे जाळे टाकणारा कोणी भेटला, तर आधी त्याला विचारा.