गड, कोयता आणि मत : बीडच्या वंजारी नेतृत्वाची वाटचाल

१२ ऑक्टोबर २०२४ च्या दसऱ्याला बीड जिल्ह्यात दोन मोठे मेळावे भरले. भगवानबाबांच्या जन्मगावी, पाटोदा तालुक्यातल्या सावरगाव घाटला भाजपच्या पंकजा मुंडे यांचा आणि नारायणगडावर मराठा आंदोलनाचे नेते मनोज जरांगे पाटील यांचा. एकीकडे वंजारी आणि इतर ओबीसी, दुसरीकडे मराठा. पण ज्या भगवानबाबांच्या नावाने पहिला मेळावा भरतो, ते याच नारायणगडावर माणिकबाबांच्या सहवासात घडले होते. एका संताची जन्मभूमी आणि गुरूची जागा आज दोन छावण्यांत वाटली गेली आहे. हे इथवर कसं आलं, हे समजून घ्यायचं तर बीडच्या वंजारी नेतृत्वाचा सगळा प्रवास पाहावा लागतो.

बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलूखभर फिरणारा हा समाज. (वसंतराव नाईकांचा बंजारा समाज वेगळा, बाहेरचे लोक अजूनही दोघांत गल्लत करतात.) रेल्वे आणि पक्के रस्ते आले, तांडे थांबले आणि बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात माणसं स्थिरावली. वाट्याला आली ती मुरमाड, पावसाच्या भरवशावरची जमीन. शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, केज, धारूर, वडवणी, परळी या पट्ट्यात खरीप हाती लागला की पुढे काय, हा प्रश्न दरवर्षीचा. त्याचं उत्तर पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांनी दिलं. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घ्यायचे, घराला कुलूप लावायचं आणि लेकराबाळांसह ऊसतोडीला फडावर जायचं.

या विखुरलेल्या माणसांना पहिल्यांदा एकत्र बांधलं ते राजकारणाने नव्हे, वारकरी परंपरेने. आबाजी तुबाजी सानप, म्हणजेच भगवानबाबा, १८९६ साली जन्मले आणि १९६५ साली गेले. पाथर्डी तालुक्यातल्या धौम्यगडाचा त्यांनी भगवानगड केला. माळ घाला, दारू सोडा, वेळ पडली तर जमीन विका पण पोरं शिकवा, असा त्यांचा आग्रह. पुढच्या नेत्यांना सभेसाठी जी गर्दी आयती मिळाली, तिची मशागत या माणसाने आधीच करून ठेवली होती.

बीडचं राजकारण मात्र पहिल्यापासून जातीवर चालत होतं, असं मुळीच नाही. या जिल्ह्याने १९६७ साली साताऱ्याकडच्या क्रांतिसिंह नाना पाटलांना कम्युनिस्ट पक्षाचे खासदार म्हणून दिल्लीला पाठवलं. १९७७ साली मार्क्सवादी गंगाधरअप्पा बुरांडे निवडून आले. संख्येने लहान अशा तेली समाजातल्या केशरबाई क्षीरसागर काँग्रेसकडून तीनदा खासदार झाल्या. बीडच्या मतदाराची ही परंपरा आज जिल्ह्याबाहेर कुणाला ठाऊक नाही, याची मला खंत वाटते.

वंजारी समाजातून राज्यभर ओळखले गेलेले पहिल्या फळीतले नेते म्हणजे पाथर्डीचे बबनराव ढाकणे. रस्त्यावरच्या आंदोलनातून वर आलेला हा माणूस विधानसभेत विरोधी पक्षनेता झाला, १९८९ साली जनता दलाकडून बीडचा खासदार झाला आणि चंद्रशेखर यांच्या सरकारात मंत्रीही झाला. त्यांच्या समाजवादी वळणाच्या राजकारणाचा वारसा पुढे कुणी नेटाने चालवला नाही.

मग गोपीनाथ मुंडे. परळी तालुक्यातल्या नाथ्रा गावी १२ डिसेंबर १९४९ चा जन्म, अंबाजोगाईच्या महाविद्यालयात प्रमोद महाजनांशी दोस्ती, आणीबाणीत तुरुंगवास. १९८० साली ते रेणापूरमधून पहिल्यांदा आमदार झाले. १९८५ साली काँग्रेसच्या पंडितराव दौंडांनी त्यांना पाडलं. दौंडही वंजारीच. समाज डोळे झाकून एकाच्याच मागे जात नव्हता, याचा हा पुरावा. वसंतराव भागवतांनी माळी, धनगर, वंजारी असा ‘माधव’ मेळ घातला आणि शेटजी-भटजींचा म्हणून हिणवला जाणारा भाजप मुंडे, ना. स. फरांदे, अण्णा डांगे यांच्यामुळे वाडी-वस्तीवर पोचला. १९९५ साली मुंडे उपमुख्यमंत्री झाले, गृहखातं त्यांच्याकडे आलं. लोकसभेत त्यांनी ओबीसींच्या जनगणनेची मागणी लावून धरली, तीही स्वपक्षाची सोय न पाहता. केंद्रात ग्रामविकास मंत्री होऊन आठवडा-दीड आठवडा होतो न होतो तोच, ३ जून २०१४ रोजी दिल्लीत अपघाताने त्यांना नेलं. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत त्यांची मुलगी प्रीतम मुंडे जवळपास सात लाखांच्या फरकाने निवडून आल्या. ते मतदान नव्हतं, तो जिल्ह्याचा शोक होता.

पुढची कहाणी भाऊबंदकीची आहे आणि ती सर्वांना पाठ आहे. गोपीनाथरावांचे पुतणे धनंजय राष्ट्रवादीत गेले, २०१९ साली परळीत त्यांनी गोपीनाथरावांची मुलगी पंकजांना हरवलं. पुढे दोघे एकाच महायुतीत आले. २०२४ च्या लोकसभेत पंकजा साडेसहा हजार मतांनी बजरंग सोनवणे यांच्याकडून हरल्या. त्याच वर्षी ९ डिसेंबरला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली, धनंजय यांच्या निकटवर्तीयावर आरोप झाले आणि त्यातून उठलेल्या वादळात मार्च २०२५ मध्ये धनंजय मुंडे यांनी मंत्रिपद सोडलं. बीडबाहेरही या समाजाने सत्ता पाहिली आहे. मुंब्रा-कळव्याचे जितेंद्र आव्हाड, केंद्रात अर्थ राज्यमंत्री राहिलेले डॉ. भागवत कराड ही सहज आठवणारी नावं.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याचा इतिहास वाचताना मला बीड फार आठवतं. तिथे नॉर्वे-स्वीडनहून आलेल्या गरीब शेतकऱ्यांनी आधी चर्च उभी केली, मग सहकारी दूध संस्था आणि मग आपली माणसं सत्तेत बसवली. नॉर्वेत जन्मलेला क्नूट नेल्सन १८९३ साली गव्हर्नर झाला. पण खरी उडी घेतली ती १९३१ साली गव्हर्नर झालेल्या फ्लॉइड ऑल्सनने. त्याचे वडील नॉर्वेचे, आई स्वीडनची. तरी तो उभा राहिला शेतकरी-मजूर पक्षाच्या तिकिटावर आणि मंदीत कर्जापायी शेतं जप्त होत होती, ती जप्ती त्याने थांबवायला लावली. आडनावाने त्याला दार उघडून दिलं असेल. आत गेल्यावर त्याने काम केलं ते सगळ्याच कर्जबाजाऱ्यांचं.

बीडमध्ये असा कर्जबाजारी म्हणजे कोयता. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि तो वंजाऱ्याचा असतो तसा मराठ्याचा, दलिताचा, बंजाऱ्याचाही असतो. पहाटेच्या थंडीत फडात उतरायचं, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या. आणि ट्रक आला की मोळी डोक्यावर घेऊन बाईने उभ्या फळीवरून चढायचं, मग रात्रीचे दोन का वाजेनात. आजारी पडून खाडा झाला की त्याचा दंड उचलीत चढतो. गर्भाशय काढून टाकलेल्या बायकांचा आकडा २०१९ साली बीडमधून बाहेर आला, तेव्हा राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

तोडणीचा दर ठरवणाऱ्या लवादावर गोपीनाथराव बसायचे, नंतर पंकजा बसू लागल्या. संपाची हाक दिली की कोयता थांबतो, ही ताकद गोपीनाथरावांनी दाखवली. त्यांच्या नावाचं ऊसतोड कामगार महामंडळ धनंजय यांच्या मंत्रिपदाच्या काळात आकाराला आलं. कारखान्याकडून टनामागे दहा रुपये आणि सरकारकडून तेवढेच, असं त्याचं गणित. मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजनाही आली. हे सगळं मी मोलाचं मानतो. तरीही इतक्या वर्षांच्या राजकारणानंतर उचल, मुकादम आणि कोपी (फडाजवळची झोपडी) यांची व्यवस्था जागच्या जागी आहे, आणि या नेतृत्वाचं सर्वांत मोठं अपयश मी तेच समजतो. गडावरच्या भाषणात अस्मितेला टाळ्या पडतात. फळीवर चढणाऱ्या बाईची आठवण तिथे फार कमी वेळा निघते.

२०२५ च्या मार्चमध्ये बीडचे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या नावाच्या पट्ट्यांवरून आडनावं काढायला लावली, टेबलावर आणि छातीवर फक्त नाव. समोर बसलेला अधिकारी आपला की त्यांचा, हे आडनावावरून जोखायची पाळी फिर्यादीवर येऊ नये म्हणून. जिल्ह्याचं दुखणं किती खोल गेलंय, ते यावरून कळतं.

पुढच्या निवडणुकीत तुमच्या दारात जो उमेदवार येईल, मग तो कुठल्याही गडाचा असो, त्याला एवढंच विचारा : उचलीचा लेखी करार कधी होणार, खाड्याचा दंड कधी बंद होणार आणि आमच्या गावातलं हंगामी वसतिगृह कोणत्या तारखेला उघडणार? उत्तर लिहून घ्या, खाली त्याची सही घ्या, आणि पाच वर्षं तो कागद जपून ठेवा.