एक छत्री, दोन टीव्ही

भाऊ वेगळे झाले, चुली दोन झाल्या. टीव्हीही दोन आले. मग छत्रीही दुसरी घ्यायची का? आम्ही म्हणतो, नको.

दूरदर्शनच्या फ्री डिशला दरमहा पैसे पडत नाहीत. ही सोय २००४ सालापासून आहे. तिचा उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंच आहे. सोलापूरहून तो आग्नेयेला येतो. त्या बाजूला लिंबाची फांदी आड नको.

छत्रीपुढे दांड्यावर एलएनबी असते. ती उपग्रहाच्या लहरी पकडून वायरीत सोडते. साधीला एकच वायर लागते. दुकानात दोन वायरींची मागा. दुसऱ्या टीव्हीला दुसरा डबाही घ्या. एकाच डब्यावर दोन टीव्ही लावले, तर दोन्हीकडे एकच चॅनेल दिसते. धाकट्याला कुस्ती हवी, थोरल्याला कीर्तन. मग भांडण ठरलेले!

आणि बाजाराला जाताना वायरीचे अंतर दोरीने मोजून न्या.