घरपट्टी माफ, पण कोणाची?

मुंबई महापालिकेच्या हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. यावर संशोधन करायचं असेल, तर आधी निकष बघा: तो क्षेत्रफळाचा आहे, उत्पन्नाचा नाही. म्हणजे मलबार हिलमधला ४८० फुटांचा फ्लॅट पात्र. गोवंडीत ५२० फुटांत राहणारं सहा जणांचं कुटुंब अपात्र.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनने १९६४ मध्ये वेगळी वाट धरली. उत्पन्नाच्या मानाने कर जड झाला, की काही रक्कम परत मिळते. मात्र अर्ज करावा लागतो. ज्याला माहीतच नाही, त्याचा हक्क बुडतो. क्षेत्रफळ मात्र पालिकेच्या नोंदीत असतंच.

म्हणून ‘योजना चांगली की वाईट?’ हा प्रश्न घेऊ नका. ‘गरजू असून कोण वगळलं गेलं, आणि कोणत्या नियमामुळे?’ इथून सुरुवात करा.