महाजालाचा द्वारपाल

लखनौ शहरात गोमती नदीच्या काठी छत्तर मंझिल नावाचा नवाबी राजवाडा आहे. १९५१ साली केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे कार्य याच वास्तूत सुरू झाले. पुढे ती संस्था जानकीपुरम भागातील नव्या इमारतीत गेली. वास्तू बदलली, परंतु नाव कायम राहिले. संगणकांच्या महाजालातही असेच घडते. तेथील पत्ते अंकांचे असतात व ते बदलू शकतात. म्हणून १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी नावांची एक पद्धती योजिली. उपरोक्त संस्थेचे नाव तीत ‘सीडीआरआय.रेस.इन’ असे आहे. ते उजवीकडून वाचावे: ‘इन’ म्हणजे भारत, ‘रेस’ म्हणजे संशोधन आणि अखेरीस संस्था.

शाळेतील किंवा ग्रंथालयातील अनेक संगणकांच्या मागण्या पुष्कळदा एकाच मध्यस्थ संगणकातून बाहेर जातात. त्यास प्रॉक्सी सर्व्हर म्हणतात. हा एक द्वारपालच होय. मागणी कोणत्या नावाकडे निघाली आहे हे पाहून तो तिला वाट देतो किंवा अडवितो. १९९६ पासून प्रचारात असलेली ‘स्क्विड’ ही आज्ञावली या कामी प्रसिद्ध आहे.

समजा, लखनौतील एका शाळेस केवळ भारतीय संशोधन संस्था व विद्यापीठे विद्यार्थ्यांना खुली ठेवावयाची आहेत. त्यासाठी परवानगीच्या यादीत ‘.रेस.इन’ व ‘.एसी.इन’ अशी नावे लिहितात. आरंभीचा बिंदू क्षुल्लक नव्हे. तो असेल, तर त्या नावाखालील सर्व शाखा नियमात येतात. नसेल, तर तेवढे एकच नाव येते.

नियमांचा क्रमही तितकाच महत्त्वाचा आहे. द्वारपाल ते वरून खाली वाचतो आणि जो प्रथम लागू पडेल तोच अंतिम मानतो. ‘सर्वांस मनाई’ हा नियम आरंभीच लिहिला, तर त्याखालील परवानग्या व्यर्थ होतात. पण तो मुळीच नसणेही धोक्याचे. कोणताही नियम लागू न पडल्यास स्क्विड शेवटच्या नियमाच्या उलट वागतो. यादीच्या अखेरीस एखाद्याच नावास मनाई असली, तर उरलेले सारे महाजाल खुले होते!

उलटपक्षी, अतिरेकी सावधगिरीही घातक ठरते. जुगाराची संकेतस्थळे रोखण्यासाठी ज्या नावात ‘बेट’ ही अक्षरे येतील ते नाव अडवावे, असे कोणी ठरविले, तर ‘तिबेट’ आणि ‘अल्फाबेट’ यांनाही दार बंद होईल. शिवाय मजकूर सांकेतिक रूपात जात असता द्वारपालास सामान्यतः केवळ नाव दिसते, आतील पान दिसत नाही. एका पानाचा दोष मग संपूर्ण ग्रंथभांडारास भोवतो.

अडविलेल्या प्रत्येक मागणीची नोंद प्रॉक्सी सर्व्हर ठेवू शकतो. ती नोंदवही वेळोवेळी वाचली, तरच ज्ञानाच्या शोधात आलेला विद्यार्थी दारातून परत गेला काय, हे कळते. यंत्र नियम पाळते. नियम न्याय्य आहे की नाही, हे पाहणे माणसाचेच काम होय.