पुसत पुसत रंगवलेला समुद्र

खालून दिव्याने उजळलेली काच. तिच्यावर तेलरंगात एक म्हातारा होडी वल्हवतोय. वर बसवलेला कॅमेरा एक चौकट टिपतो. मग चित्रकार बोटाच्या टोकाने वल्ह्याचा ओला रंग जरासा पुढे सारतो, लाटेची कड पुसतो, तिथे थोडा निळा थापतो. पुन्हा कॅमेरा. मघाचं चित्र आता काचेवर उरलेलं नाही, ते गेलं फिल्ममध्ये.

हे काम अलेक्झांडर पेत्रोव या रशियन चित्रकार-दिग्दर्शकाचं, आणि तो म्हातारा हेमिंग्वेच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’मधला सांतियागो. पु. ल. देशपांडे यांच्या ‘एका कोळियाने’ या अनुवादामुळे मराठी वाचकाच्या घरातला झालेला, तोच.

काचेवर रंगवून फिल्म करण्याची युक्ती काही पेत्रोवची नव्हे. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात कॅरोलिन लीफ यांनी १९७६ सालीच ‘द स्ट्रीट’ अशा रीतीने केली होती. पेत्रोवने त्यात तेलरंग आणले आणि जुन्या तैलचित्रांतला भरदार उजेड-अंधार आणला. तेलरंग सावकाश वाळतो. एरवी चित्रकार ज्याला कंटाळतो, तोच गुण इथे कामी येतो. ब्रश लागतो तो बारीक जागांपुरता. बाकी सगळं बोटांनी.

पेत्रोवचा जन्म १९५७चा, यारोस्लाव्हल प्रांतातला. मॉस्कोच्या चित्रपट संस्थेत शिक्षण, पुढे ॲनिमेशनमधल्या युरी नॉर्स्टाइनसारख्या गुरूचा हात पाठीवर. ‘गाय’ ही त्याची १९८९ची पहिलीच महत्त्वाची फिल्म थेट ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचली. गोष्ट आंद्रेई प्लातोनोवची. नंतर दोस्तोयेव्हस्कीच्या कथेवरची फिल्म, मग ‘जलपरी’. साहित्यावर जीव असलेला माणूस आहे हा.

‘द ओल्ड मॅन अँड द सी’ मात्र रशियात नव्हे, कॅनडात, मॉन्ट्रियलला घडली. रशिया, कॅनडा आणि जपान यांनी मिळून केलेली ही निर्मिती होती, आणि ती व्हायची होती आयमॅक्सच्या अवाढव्य पडद्यासाठी. एरवीच्या फिल्ममध्ये बोटाचा ठसा कुठे दिसणार? इथे तो चार-पाच मजली पडद्यावर जाणार. म्हणून पेत्रोवने काचा नेहमीपेक्षा कितीतरी मोठ्या घेतल्या. पार्श्वभूमी एका काचेवर, माणसं दुसरीवर, असे थर एकावर एक. सोबतीला मुलगा दिमित्री.

वीस मिनिटांची फिल्म, २९ हजारांवर चौकटी. सेकंदाला २४ चौकटींचा हिशेब मांडला तर आकडा जवळपास जुळतो. म्हणजे एकच चित्र पुन्हा टिपून मेहनत वाचवण्याची चलाखी फारशी केलेलीच नाही. काम अडीच वर्षं चाललं. एक दिवसही सुट्टी न घेता रोज ३२ चित्रं धरली, तरी दिवसअखेर पडद्यावर पडणार सव्वा सेकंदाहून जरासंच जास्त. हात चुकला तर? कागदावरच्या ॲनिमेशनमध्ये आधीचा कागद हाताशी असतो. इथे तो पुसलेलाच असतो.

या तंत्राचं खरं सुख दृश्य बदलताना कळतं. म्हाताऱ्याला स्वप्नात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे सिंह दिसतात. एके ठिकाणी तो आणि त्याच्या गळाला लागलेला महाकाय मासा भावाभावांसारखे पाण्यातून पोहत जातात आणि पाणी कुठे संपून आभाळ कुठे सुरू झालं, हे डोळ्याला कळत नाही. कळणार तरी कसं? काचेवर ते एकाच ओल्या रंगातून निघालेलं असतं. मूळ कादंबरीचा कोरडा, मोजका बाज या मऊ रंगांत थोडा हरवतो, ही तक्रार रास्त आहे. कधीकधी चित्र जरा जास्तच देखणं होतं. पण मासा दोरी खेचतो आणि म्हाताऱ्याचे हात ताणले जातात, तेव्हा ती तक्रार आठवत नाही.

२००० साली या फिल्मला सर्वोत्तम ॲनिमेशन लघुपटाचं ऑस्कर मिळालं. पेत्रोव यारोस्लाव्हलला परतला आणि इव्हान श्मेल्योवच्या कथेवरून ‘माझं प्रेम’ करायला बसला. ती २००६ साली पुरी झाली. लांबी २६ मिनिटं. पुन्हा तीच काच, तोच तेलरंग, तीच बोटं.