मंडळ, मित्र आणि कॉलेजचं पहिलं वर्ष

भिंगारहून नगरच्या कॉलेजात, उदाहरणार्थ १९४७ साली स्थापन झालेल्या अहमदनगर कॉलेजात, जाणाऱ्या मुलांच्या पहिल्या सत्रातच गणपती आणि नवरात्र येतात. मंडळाची वर्गणी, ढोलपथकाचा सराव, नव्या मित्रांचा कट्टा यांत संध्याकाळी सरतात आणि सत्र परीक्षा दिवाळीच्या आसपास येऊन ठेपते. म्हणून मंडळात एकच जबाबदारी घ्यावी, सरावाच्या दिवशीचं वाचन सकाळीच उरकावं आणि हजेरी ७५ टक्क्यांखाली जाऊ देऊ नये. समाजकार्याची ओढ असेल, तर राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास काम असतं, म्हणजे आठवड्याला सरासरी अडीच तासांहून कमी. एवढा वेळ अभ्यास सांभाळूनही नक्की निघतो.