मालकाने ईएसआयसीचे पैसे भरलेच नाहीत, तर उपचार मिळतात का?

उत्तनजवळचे पाली हे कोळी आणि ईस्ट इंडियन वस्तीचे गाव. घरातला एक भाऊ बोटीवर, दुसरा भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात आणि बहीण अंधेरीच्या ऑफिसात, हे चित्र इथे नवलाचे नाही. बोटीवरच्या भावाला मालकाकडून आरोग्य विमा बहुधा मिळत नाही. बाकी दोघे ‘कंपनीचा विमा आहे’ असे सांगतात, पण दोघांचे हक्क वेगळे आहेत.

कारखान्यातल्या भावाचे काय?

महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला ईएसआयसी लागू होते. पगाराच्या 0.75 टक्के कामगाराकडून, 3.25 टक्के मालकाकडून. 15,000 पगार असेल तर कामगाराचे 113 रुपये कापले जातात. मालकाने आपला हिस्साही कामगाराच्या पगारातून कापला, तर ते बेकायदा आहे. मोबदल्यात कामगार आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाला उपचार मिळतात, आणि मेडिक्लेमसारखी ‘तीन लाखांपर्यंतच’ अशी मर्यादा त्याला नसते.

खरी अडचण येते ती पैसे कापून ते न भरणाऱ्या मालकांमुळे. दवाखान्यात गेल्यावर नाव ‘बंद’ दिसते आणि कामगार परत फिरतो. पण कायदा मालकाची चूक कामगाराच्या माथी मारत नाही. मालकाच्या कसुरीमुळे लाभ अडला, तर महामंडळ तो कामगाराला देऊन रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. शिवाय कापलेला हिस्सा न भरणे हा फौजदारी विश्वासघात ठरतो. त्यामुळे कपात दाखवणारी पगाराची स्लिप जपून ठेवावी. हातात रोख पगार मिळत असेल, तर निदान स्लिप मागून घ्यावी. पैसे जमा होतात की नाही, हे विमा क्रमांक टाकून ईएसआयसीच्या पोर्टलवर पाहता येते. तक्रार ईएसआयसीच्या विभागीय कार्यालयात करायची.

पालीहून कांदिवलीचे ईएसआयसी रुग्णालय गाठायचे तर आधी बसने भाईंदर स्टेशन, मग लोकल. छातीत दुखत असताना हा प्रवास कोण करणार? तातडीच्या वेळी जवळच्या खासगी रुग्णालयात दाखल होऊन नंतर परतावा मागता येतो. मात्र तो ठरलेल्या दरांनी मिळतो, पूर्ण बिलाइतका मिळेलच असे नाही.

ऑफिसातल्या बहिणीचे काय?

ग्रुप मेडिक्लेमची पॉलिसी कंपनीच्या नावावर असते आणि कर्मचाऱ्याच्या हाती बहुतेक वेळा फक्त ई-कार्ड पडते. खोलीभाड्याची मर्यादा किती, आईवडील त्यात आहेत का, हे कळते ते थेट बिलाच्या काउंटरवर. विम्याचे प्रमाणपत्र आणि अटी एचआरकडे आधीच मागाव्यात.

विमा नियामक आयआरडीएआयच्या मे 2024 च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर विमा कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा असतो आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत. त्यापुढे उशीर होऊन रुग्णालयाने जादा आकारणी केली, तर ती विमा कंपनीने सोसायची. क्लेम नाकारला तर पॉलिसीच्या कोणत्या अटीमुळे, हे सांगावेच लागते. ‘टीपीएने नाकारला’ हे उत्तर पुरेसे नाही, कारण टीपीए हा फक्त मधला दुवा आहे.

आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करायची. ती फेटाळली किंवा महिनाभरात उत्तर आले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. 50 लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात. फी नाही, वकीलही लागत नाही.

नोकरी सुटली तर?

इथे ऑफिसातली बहीण भावापेक्षा कच्च्या जागी उभी असते. ग्रुप मेडिक्लेम बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवशी संपतो. त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घेण्याचा पर्याय असतो आणि पूर्ण झालेला प्रतीक्षा काळही त्यात धरला जातो, पण राजीनाम्याच्या गडबडीत तो अर्ज राहून जातो. ईएसआयसीत मात्र एप्रिल ते सप्टेंबरमध्ये किमान 78 दिवसांचे योगदान भरलेले असेल, तर पुढच्या जूनअखेरपर्यंत उपचारांचा हक्क टिकतो, मधल्या काळात काम सुटले तरीही.